एन्चिम लियनच्या भिंतीतला आवाज

बंद हो म्हणून सांगितलं, आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर बंद झाला नाही. झालं ते एवढंच. बाहेर कांग मामन, माझा थोरला भाऊ, गाडीचा हॉर्न वाजवत होता. माझ्या एका खांद्यावर बॅग होती, काखेत एमासाठी, आईसाठी, घेतलेला बिस्किटांचा डबा होता, आणि उभ्या उभ्याच वाकून, डाव्या हातानं मी ती कमांड टाइप केली होती. पासवर्ड विचारला, तोही दिला. मग पायाशी जी शांतता पसरायला हवी होती ती पसरली नाही. पंखा आपला घूं घूं करत राहिला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एकच ओळ उमटली, संपर्क तुटला. मी दाराकडे वळलेली, तशीच थांबले. संपर्क कुणाशी तुटला? माणूस स्वतःचंच दार लावून घेत असेल तर निरोप द्यायला पलीकडे कोण असतं? पण पलीकडे कोण असतं हे मला चांगलं माहीत होतं. पलीकडे जकार्ता होतं. मी बांडुंगमधल्या माझ्या खोलीतला कॉम्प्युटर बंद करायला निघाले होते आणि जकार्तातला सर्व्हर बंद करून बसले होते.

सहा वर्षं मी या टेबलाशी बसते आणि माझं काम तिथे होतं. अक्षर इथे दाबायचं, ते तिथे उमटतं, आणि उमटलेलं इथे दिसतं. मधे पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ जात नाही. पण एखाद्या दिवशी तो वेळ जरा वाढला, तर जिन्याची एक पायरी कमी असली की पायाला जसं कळतं, तसं माझ्या बोटांना कळतं. तिथली कपाटं, तिथले कप्पे, कुणी कुठे काय अर्धवट टाकलंय, सगळं मला अंधारातसुद्धा सापडेल. फक्त ते यंत्र मी कधी पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या घरात मी सहा वर्षं नांदत होते म्हणा ना. आमचा मालक को योहान नोकरीच्या पहिल्याच दिवशी म्हणाला होता, ‘‘सर्व्हरची खिडकी लाल ठेव. आपल्या मशीनची काळी. लाल दिसलं की हात आपोआप थांबतो.’’ मी आठवडाभर लाल ठेवली. मग डोळे चुरचुरायला लागले, आणि केली काळी. पासवर्डही दोन्हीकडे एकच ठेवला, दोन किल्ल्या कोण सांभाळणार! आम्हा लोकांची ही खास आमचीच चूक आहे. न्हावी कधी चुकून स्वतःची हजामत करत नाही, पण आम्ही घर कुठलं आणि परगाव कुठलं हा फरक एका रंगाच्या भरवशावर सोडतो, आणि मग तो रंगही पुसून टाकतो.

खरं तर ही कमांड मी वर्षातून एकदाच द्यायची. एरवी माझा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतो. खिडक्या जशा उघड्या टाकल्या तशा सकाळी सापडल्या पाहिजेत, नाहीतर मला माझंच घर परकं वाटतं. पण लेबारानला, म्हणजे ईदला, गावी निघताना एमाचा फोनवर ठरलेला हुकूम असतो. गॅस बंद कर, दिवे बंद कर, आणि ती तुझी पेटीही बंद कर, मागच्या वर्षी कुणाच्या तरी घराला आग लागली. कुणाच्या घराला ते ती कधीच सांगत नाही. दरवर्षी नवं घर असतं.

‘‘इमास!’’ मामन दारात येऊन उभा राहिला. ‘‘लग्नाला निघालीस की गावाला? नाग्रेगच्या चढावर आत्ताच गाड्या अडकल्यात. रोजा सुटायच्या आत गारुतला पोचायचंय मला.’’

‘‘मी जकार्तातलं मशीन बंद केलं.’’

‘‘छान केलंस. आता हे बंद कर आणि चल.’’

त्यानं डबा माझ्या काखेतून ओढून घेतला आणि बॅगही घेतली. मी मागून धावत गेले, दाराला कुलूप घातलं, शेजारच्या दाराशी ठेवलेल्या चपलांना माझा पाय लागला, त्या नीट लावायलाही थांबले नाही. डोक्यात एकच नाव होतं: रेंग्गानिस.

माझ्या डोक्यात प्रत्येक माणसाचं एक खातं असतं. पैशाचं नव्हे. कुणी कुणासाठी काय केलं आणि ते किती वेळा बोलून दाखवलं, याचं. मामनच्या खात्यात तो मला दरवर्षी गाडीतून नेतो हे जमेला आहे आणि दरवर्षी ते एमासमोर सांगतो हे खर्ची. को योहानचं खातं कधी जुळतच नाही. तो पगार वेळेवर देतो, पण देताना असा चेहरा करतो की आपणच काहीतरी परत करावं असं वाटतं. रेंग्गानिसचं पान मात्र कोरं होतं. ती नवी, चिरेबोनची, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. एका इस्पितळातले हातानं लिहिलेले जुने केसपेपर वाचून काढणारा प्रोग्रॅम ती लिहीत होती. तो तिनं सर्व्हरवर चालू करून ठेवला होता आणि एकेक पान वाचत तो गेले कित्येक दिवस मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होता. सुट्टी संपली की लगेच इस्पितळाची माणसं येणार. त्यांना पूर्ण झालेलं काम दिसलं तर ती कायम होणार, नाहीतर चिरेबोनला परत. जाताना थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी मला म्हणाली होती, ‘‘तेह इमास, सगळे घरी असतील तेव्हा ते निवांत वाचेल. मशीनला कुठे ईद असते?’’ वाचून झालेली पानं सुरक्षित होती, हे मला ठाऊक होतं. मशीन पुन्हा सुरू झालं की तिचा प्रोग्रॅम थांबल्या जागेवरून आपणहून पुढे जाणार होता. पण मशीन आजच सुरू व्हायला हवं होतं. सुट्टीनंतर सुरू झालं तर अर्धीअधिक पानं न वाचलेली राहणार. आणि बंद मशीनला दुरून जागं करता येत नाही. तिथे जाऊन कुणीतरी बोटानं बटण दाबावं लागतं. दिवसाला हजार वेळा मी तिथे जात असेन, पण दाबायला एक बोट माझ्यापाशी नव्हतं.

गाडीत बसल्याबसल्या मी को योहानला फोन लावला. बंद. तो बायकामुलांना घेऊन जपानला फुलं बघायला निघाला होता, विमानात असणार. ऑफिसचा रखवालदार मांग कार्ता ब्रेबेसला गेलेला. जकार्तातून निम्मं जग बाहेर पडत होतं आणि मला तिथे फक्त एक माणूस हवं होतं, कुठेही न गेलेलं. मग आठवली ती पार्सल घेणारी बाई. को योहाननं सर्व्हर कुठल्या मोठ्या जागी ठेवला नव्हता. खर्च वाचतो म्हणून आपल्याच जुन्या घरात, खाली दुकान आणि वर राहणं अशा इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या मागच्या खोलीत ठेवला होता. त्याच मजल्यावर त्याची आत्या राहायची, एन्चिम लियन. ऑफिसच्या नावानं काही आलं तर ती सही करायची. तिचा नंबर माझ्याकडे ‘पार्सल’ या नावानं होता. माणसाला मी पार्सल नाव दिलं होतं हे तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरलं, आणि नंबर लावताना जरा लाजच वाटली.

‘‘पार्सल आलं नाही,’’ तिकडून आवाज आला. मी हॅलोही म्हटलं नव्हतं.

‘‘पार्सल नाही एन्चिम. मी इमास, बांडुंगची, को योहानकडे असते. तुमच्या शेजारच्या खोलीत एक मशीन आहे ना, दिवे लुकलुकतात —’’

‘‘ते मेलं.’’

‘‘अं?’’

‘‘मगाशी मेलं. मी केस विंचरत होते. एकदम गप्प. मला वाटलं मीच मेले.’’

मामननं हसू दाबलं. मी घाईघाईनं सांगितलं की ते मेलेलं नाही, नुसतं बंद आहे, पुढच्या बाजूला एक बटण आहे, तेवढं दाबलं की झालं, एक मिनिटाचं काम.

‘‘कशाला?’’ ती म्हणाली.

हा प्रश्न मला कधी कुणी विचारलेला नव्हता. मशीन चालू असतं. चालू का असावं हे सूर्य का उगवावा असं विचारण्यासारखं. मी शब्द जुळवेपर्यंत ती सैल होऊन बोलायला लागली. ‘‘नेंग, पोरी, माझी उशी त्या भिंतीला लागून आहे. सहा वर्षं. सुरुवातीला मला वाटायचं माझ्या कानातच काहीतरी आहे. डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, वय झालं. मी म्हटलं, वय गुडघ्यात होतं बाबा, भिंतीत कसं होईल? मग योहानला सांगितलं. तो म्हणाला, एन्चिम, या आवाजावर आपण जेवतो. बरं, म्हटलं. जेवले. आणि आज माहितीये मला काय ऐकू आलं? माझा नळ गळतो! कोण जाणे किती वर्षं गळतोय. आणि माझं घड्याळ टिकटिक करतं. मी बापडी नुसते काटे बघायची. खाली कुणीतरी झाडत होतं, ते ऐकत बसले. तो खराटा कसला गोड वाजतो गं.’’

मी काही म्हणणार तोच आवाज तुटायला लागला. आम्ही नाग्रेगच्या उताराला लागलो होतो आणि दोन्ही बाजूंनी डोंगर आले होते. फोन मेला. पुढे गाड्यांची रांग होती, मागेही गाड्यांची रांग होती. गाड्यांवर बांधलेल्या चटया, खोकी, आणि खिडक्यांतून बाहेर काढलेले मुलांचे हात. रोजा असल्यानं पाणी पिता येत नव्हतं, पण तहान पाण्याची नव्हतीच. हातात फोन धरून मी गाडीबरोबर इंचाइंचानं सरकत होते. माणसं आपापल्या गावी चालली होती, आणि मी आपली एका बंद खोलीच्या दाराशी उभी होते, जिथे मी कधी गेलेच नव्हते.

आवाज म्हटला की मला आबाह, माझे वडील, आठवतात. आमच्या गावची भाताची गिरणी आबाह चालवायचे, घराला चिकटून. दिवसभर घर थरथरायचं. मांडणीतल्या बशा एकमेकींना हळूहळू ढकलत काठापर्यंत यायच्या आणि संध्याकाळी एमा त्या पुन्हा मागे सारायची. आम्ही ओरडून बोलायचो. परगावी गेलो की लोक म्हणायचे, हे लोक भांडतात का? आणि आबाह गेले, गिरणी विकली, तेव्हा एमाला शांततेत झोपच येईना. महिनाभर ती रेडिओ खरखरत ठेवून झोपायची. मी त्यावरून मनाशी एक हिशोब मांडून ठेवला होता, आवाज म्हणजे घरात कुणीतरी आहे. माझ्या खोलीतही मी कॉम्प्युटर बंद करत नाही, त्याचं खरं कारण खिडक्या-बिडक्या नसावंच. घूं घूं चालू असलं की मला आबाह पलीकडच्या खोलीत आहेत असं वाटतं. पण गिरणी शेजारच्या वाक् दुलोहच्या भिंतीलाही चिकटून होती. तो आजारी होता आणि दिवसभर पडून असायचा. त्याला कसं वाटत असेल, हे आम्ही कधी विचारलं नाही. तो मेला तेव्हा आबाहांनी मान म्हणून दिवसभर गिरणी बंद ठेवली. सगळं गाव त्यांना चांगलं म्हणालं.

‘‘बायका बायका बटणावर एवढं बोलता?’’ मामन म्हणाला. ‘‘तिला सांग, दाब. नाही दाबत? भाच्याला सांगीन म्हण.’’

‘‘भाच्याला सांगितलं तर मीच जाईन कामावरून.’’

‘‘मग गोड बोल. तुला येतं ते. माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलतेस.’’

सिग्नल आला तसा मी पुन्हा लावला, या वेळी चेहरा दिसेल असा. तिच्याकडून आधी छत दिसलं, मग एक कान, मग पांढऱ्या बारीक केसांची एक ठणठणीत बाई. ‘‘रडतेस का?’’ तिनं विचारलं. नाही म्हटलं. ‘‘मग घाम आलाय,’’ ती म्हणाली, आणि फोन हातात धरून चालायला लागली. एक दार उघडलं. आणि मी ते यंत्र पाहिलं.

मी त्याला ओळखलं नाही. इतकं लहान! सहा वर्षं माझ्या बोटांनी ज्याचे मजलेच्या मजले पालथे घातले, ते गुडघ्याएवढं एक काळं खोकं, आणि त्याच्यावर केकच्या रिकाम्या पत्र्यांची चळत. बाजूला एक टॉवेल वाळत घातलेला. ‘‘ही माझी केकची खोली होती,’’ एन्चिम म्हणाली. ‘‘खाली दुकान होतं माझं. थरांचा केक, एकेक थर भाजायचा, वर दुसरा ओतायचा. ही घरातली सगळ्यात थंड खोली, केक इथे निवायला ठेवायचे. आता बघ, सगळ्यात गरम. टॉवेल मात्र झटकन वाळतो, खोटं कशाला बोलू.’’ मग तिनं फोन फिरवून भिंतीच्या दुसऱ्या अंगाला नेला. पलंग, एक उशी, उशीच्या मागे भिंतीवर डोकं टेकून टेकून तेलकट झालेला गोल. तो गोल माझ्या नजरेतून जाईना. माझी प्रत्येक कमांड त्या गोलातून गेली होती.

मग मी खरं ते सांगितलं. रेंग्गानिसचं नाव सांगितलं, तिची नोकरी, केसपेपर, चिरेबोन.

‘‘लग्न झालंय तिचं?’’

‘‘नाही.’’

‘‘शहाणी आहे. आणि तू बंद केलंस?’’

‘‘मीच.’’

‘‘मुद्दाम?’’

‘‘नाही हो एन्चिम! चुकून. स्वतःचा समजून.’’

‘‘म्हणजे मुद्दाम कुणीच नाही केलं,’’ ती म्हणाली. रागानं नव्हे. केकचा थर शिजला का हे बोटानं दाबून बघावं तसं. मग फोन परत खोक्यापाशी नेऊन म्हणाली, ‘‘आधी मी दुपारची झोपते. उठले की दाबते. हे वरचं गोल बटण ना?’’

‘‘तेच. पण एन्चिम, किती वाजता —’’

‘‘झोप वाजता येत नाही, नेंग,’’ म्हणाली, आणि फोन ठेवला.

ती दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. जकार्तात एक म्हातारी बाई झोपली होती आणि तिच्या झोपेवर चिरेबोनची एक पोरगी टांगलेली होती. मी फोनवरूनच सर्व्हरचं दार ठोठावत होते. नाही. जरा थांबून पुन्हा. नाही. ठोठावू नये, झोपमोड होईल, असंही वाटायचं, जसा काही माझा आवाज तिथे जाणार होता. म्हातारी विसरेल. मुद्दाम विसरेल. का विसरू नये? माझं तिच्याकडे काय जमा होतं? खातं उघडून बघितलं तर एका बाजूला सहा वर्षांच्या रात्री आणि दुसऱ्या बाजूला एक नाव, पार्सल. मी असते तर दाबलं असतं का? नसतं. आपण तिच्या जागी जे केलं नसतं तेच ती करेल म्हणून आपण आशा लावून बसलोय. मामननं गाणी लावली, मी बंद केली. ‘‘अजून काही बंद करायचं राहिलंय का तुझं?’’ तो म्हणाला.

डोंगर संपून भातखाचरं लागली, आणि त्या वेळी पलीकडून उत्तर आलं. नाव विचारलं, पासवर्ड विचारला. मी आत गेले. सगळं जिथल्या तिथे होतं. रेंग्गानिसचा प्रोग्रॅम जागा होऊन पुढचं पान वाचत होता. सुटले, असं मी मोठ्यांदा म्हणाले. मामननं हात वर करून अल्लाचे आभार मानले, माझे नव्हे. आणि त्याच श्वासाला मला कळलं की तिथे नळ गळायचा थांबला. गळत असेल, पण आता कुणाला ऐकू येणार नाही. घड्याळाचे पुन्हा नुसते काटे. मी खिडकी मिटली, परत उघडली. पान पुढे सरकलं होतं. मला ते छान वाटलं पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी लेबारान. सकाळची नमाज झाली, केतुपात, म्हणजे विणलेल्या पानांत शिजवलेला भात, आणि नारळाच्या रश्श्यातली कोंबडी झाली, आणि मग आमच्याकडचा माफीचा घाऊक व्यवहार सुरू झाला. एमाच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून माफी, मामनची माफी, शेजाऱ्यांची माफी, आणि ज्यांच्यापर्यंत हात पोचत नाही त्यांना फोनवरून, कळत-नकळत झालेल्या चुका पोटात घाला. एकच मजकूर, खाली एक चंद्रकोर, फोनमधल्या झाडून सगळ्या नावांना. ज्याचं आपण खरंच वाईट केलं त्याला आणि ज्यानं आपल्याला फक्त फ्रीज दुरुस्त करून दिला त्याला, सारखाच. हा हिशोब मला नेहमी आवडत आलाय. वर्षाची सगळी थकबाकी एका ओळीत पुसून टाकायची. झाडून सगळ्या नावांत ‘पार्सल’ही होतं. ती मुसलमान नव्हती, तिला कुठली लेबारान, पण संदेश गेला.

रेंग्गानिसचं उत्तर लगेच आलं: ‘तेह, माझीही माफी. मशीन मधे बंद पडलं होतं वाटतं, नशीब, आपोआप सुरू झालं.’ आपोआप हा शब्द मी थोडा वेळ बघत राहिले. मग लिहिलं की मीच चुकून बंद केलं होतं आणि एका बाईंनी झोपेतून उठून सुरू केलं. तिनं हसरे चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, ‘लाल रंग करा.’

एन्चिमचं उत्तर संध्याकाळी आलं. तिच्या भाचेसुनेनं कधीतरी शिकवलं असावं, एकेक शब्द वेगळ्या ओळीवर होता. ‘नकळत झालेलं माफच असतं. त्याला विचारावं लागत नाही. कळून केलेलं असेल तर सांग.’

मी फोन उलटा ठेवला. मग सुलटा केला. पाहुणे येत होते, जात होते, मी बशा भरत होते, कुणीतरी माझ्या लग्नाचं विचारलं आणि मी बहुधा हसले. कळून केलेलं. मी तर काहीच कळून केलं नव्हतं, हीच तर आमची लपायची जागा. मी कळून आवाज केला नाही, को योहाननं कळून झोप मोडली नाही, आबाहांनी वाक् दुलोहला कळून त्रास दिला नाही. आमच्या सगळ्यांची पानं स्वच्छ होती. एक भिंत तेवढी सहा वर्षं वाजत होती.

सुट्टी अजून उरली होती तेव्हाच रेंग्गानिसची पानं वाचून संपली. तिनं स्वतः आत येऊन सगळं तपासलं, आणि मला फोनवर एवढ्या जोरात ओरडून सांगितलं की एमानं स्वयंपाकघरातून विचारलं, कोण मेलं? त्यानंतर मी को योहानला लिहिलं की काम पूर्ण झालंय, कुणी कामावर नाही, ऑफिस उघडेपर्यंत मशीन बंद ठेवते, वीजही वाचेल. वीज हा शब्द वाचून त्यानं फुलांच्या झाडाखालून अंगठा पाठवला. मग एमाच्या अंगणात, कोंबड्या पायात येत असताना, मी फोनवरची खिडकी आधी लाल केली. ओळीच्या सुरुवातीला यंत्राचं नाव असतं, ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि तीच कमांड, तेच अक्षर न् अक्षर, दोन्ही हातांनी, बसून, टाइप केली. संपर्क तुटला.

फोन करून एन्चिमला म्हटलं, ‘‘या वेळी मुद्दाम केलंय.’’

‘‘ऐकलं मी,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे ऐकू यायचं थांबलं.’’

‘‘ऑफिस उघडायच्या सकाळी तुम्हाला दाबावं लागेल. आणि मी को योहानशी बोलणार आहे, ते खोकं खालच्या दुकानात न्यायचं. तो नाही म्हणेल.’’

‘‘म्हणेलच. माझ्या भावाचा मुलगा आहे.’’

‘‘मी पुन्हा म्हणेन.’’

‘‘बघू,’’ ती म्हणाली. ‘‘दाबलं तर दाबलं.’’ आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. चालू मशीन माझ्या हातात होतं. बंद मशीन तिच्या हातात.

थोड्या वेळानं तिच्याकडून आवाजाचा एक संदेश आला. मी कानाला लावला. ती काही बोलतच नव्हती. आधी मला वाटलं चुकून पाठवला. मग एक थेंब पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. घड्याळ. लांब कुठेतरी खराटा, आणि एक पाल चुकचुकली. अंगणाच्या बाकावर बसून मी तो संपेपर्यंत ऐकला, परत लावला, आणि ऐकता ऐकता इतकी निवले की एमाच्या घरात कसलाच आवाज नाही हे जाणवायला लागलं. रेडिओही नाही. एमा आता शांततेत झोपायला शिकली होती, कधीपासून कोण जाणे. आणि तेवढ्यात मला माझी खोली ऐकू आली.

टेबलाखालचा पंखा. मी तो बंद केलाच नव्हता. त्या सकाळी सांगितलं होतं त्यालाच, ऐकलं भलत्यानं, आणि कुलूप लावून मी निघून आले होते. इतके दिवस तो घूं घूं फिरतोय, भिंतीला टेकवलेल्या टेबलाखाली. माझी भिंत. माझ्याकडून तिला टेबल लागून आहे. पलीकडून काय लागून असेल? पलीकडे कोणीतरी राहतं. त्याच्या चपला मी रोज बघते आणि त्या बाईच्या की पुरुषाच्या, ते मला सांगता येणार नाही. गावी गेलं असेल का ते माणूस? की तेही कुठेही न जाणाऱ्यांपैकी? मी घरमालकिणीला फोन लावला, तिच्याकडे किल्ली असते. घंटा वाजत राहिली. तिनं उचलला तर आधी काय विचारायचं, कॉम्प्युटरचं की त्या माणसाच्या नावाचं, हे काही ठरेना. घंटा वाजत होती आणि मला ते ठोकणं आठवत होतं. गेली दोनेक वर्षं जवळजवळ रोज त्या भिंतीवर पलीकडून ठोकल्याचा आवाज यायचा. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. मी कीबोर्डवरून हात न उचलता मनाशी म्हणायची, शेजारी खिळा ठोकतायत.

एकाच जागी रोज रोज खिळा कोण ठोकतं?